घाटंजीच्या टर्मिनलवरची चूक

माझ्या चुकांची कापसासारखी प्रतवारी लावायची ठरवली, तर बहुतेक माल मध्यम प्रतीचा निघेल. बदली झालेल्या साहेबांचं निरोपाचं भाषण मी नव्या साहेबांच्या स्वागताला वाचलंय. यंत्राच्या खोलीचं कुलूप लावून किल्ली आत ठेवलीय, तीही दोनदा. पण ही एक चूक उत्तम प्रतीची होती. लांब धागा, शुभ्र रंग, कचरा अजिबात नाही.

यवतमाळात आमच्याकडे मेनफ्रेम होतं म्हटलं की आजही लोक माझ्याकडे संशयाने बघतात. पण होतं. आमची संस्था कापूस खरेदी करायची. तिच्या मोठ्या शहरातल्या कचेरीने नवं यंत्र घेतलं आणि जुनं कुठे ठेवायचं हा प्रश्न पडला, तेव्हा यवतमाळच्या एका बंद जिनिंग कारखान्याचं गोदाम रिकामं होतं. चार कपाटांएवढं ते यंत्र ट्रकमधून आलं. त्याच्यासोबत देखभालीला कोणीतरी हवं म्हणून मी नेमला गेलो. मुलाखतीत मला विचारलं, "थंडी सहन होते का?" यंत्राच्या खोलीत चोवीस तास एसी असायचा. मी हो म्हणालो. माझी पात्रता तेवढीच तपासली गेली.

जिल्ह्यातल्या बारा खरेदी केंद्रांवर एकेक टर्मिनल होतं. कापसाची गाडी काट्यावर आली की तिथला ऑपरेटर वजन आणि प्रत त्यावर भरायचा, आणि ते यवतमाळच्या यंत्रात यायचं. कोणी कुठली फाइल उघडायची, कोणी नाही, हे बघायला यंत्रात एक सुरक्षा सॉफ्टवेअर होतं. आम्ही त्याला चौकीदार म्हणायचो. प्रत्येकाने आपलं नाव आणि पासवर्ड सांगायचा, चौकीदाराने वही बघून आत सोडायचं. ठराविक दिवसांनी पासवर्डची मुदत संपायची आणि नवा द्यावा लागायचा.

ती कापसाची वाईट वर्षं होती. बोंडअळीने बोंडं पोखरलेली, भाव पडलेले, आणि केंद्रांपुढे बैलबंड्यांच्या रांगा दोन-दोन दिवस हलायच्या नाहीत. अशात यंत्र बंद पडलं की काटा थांबायचा, आणि काटा थांबला की रांगेतली माणसं ऑपरेटरच्या खिडकीशी यायची. यवतमाळच्या गार खोलीत बसलेल्या माझ्यापाशी कोणीच यायचं नाही. हा फरक मला त्या वेळी कळत नव्हता.

तर, अशाच एका हंगामात एका सोमवारी सकाळी दहाला चौकीदार कोसळला. चौकीदार कोसळला की आमचं यंत्र कायमचं बंद पडत नसे. तासाभराच्या खटपटीनंतर ते पुन्हा चालू व्हायचं, पण मग दारावर कोणीच नसल्यामुळे प्रत्येक वेळी मला विचारायचं, 'अमका अमकी फाइल उघडू पाहतो, सोडू का?' मी 'होय' दाबायचं. बारा केंद्रं आणि दिवसभर गाड्या. संध्याकाळपर्यंत माझं बोट इतकं सवयीचं झालं, की यंत्राने माझं घर विकू का असं विचारलं असतं तरी मी होय दाबलं असतं.

रात्री चौकीदाराला उठवून उभं केलं. मंगळवारी सकाळी दहाला तो पुन्हा कोसळला. बुधवारी पुन्हा.

आमच्याकडे यंत्राच्या कुठल्याही आजाराची दोनच कारणं असायची, भारनियमन आणि कापसाचं तूस. वीज तिन्ही दिवस शाबूत होती, आणि एसीच्या जाळ्या मी स्वतः झटकल्या होत्या. म्हणून नाइलाजाने मी नोंदी बघितल्या. तिन्ही दिवशी पडण्याआधीचं शेवटचं नाव एकच होतं, घाटंजीच्या ऑपरेटरचं. तिन्ही दिवशी ती नवा पासवर्ड देत होती. दिग्रसच्या ऑपरेटरनेही त्याच आठवड्यात पासवर्ड बदलला होता आणि तिथे काही झालं नव्हतं. म्हणजे चूक कोणाची? मी दहा मिनिटांत अहवाल लिहिला: 'घाटंजी येथील ऑपरेटर पासवर्ड बदलताना वारंवार चुकीची कळ दाबत असल्याने यंत्रणा बंद पडते.' खाली सही. सही मात्र सुरेख आली होती.

साहेबांनी घाटंजीचं टर्मिनल बंद करून टाकलं आणि त्या बाईंना नोटीस काढली. आठ दिवसांत खुलासा द्यावा, नाहीतर सेवा समाप्त. बाई तीन हंगाम रोजंदारीवर होत्या आणि त्याच वर्षी कायम व्हायच्या होत्या. टर्मिनल बंद झाल्यावर चौकीदार पुन्हा एकदाही पडला नाही. साहेब मला म्हणाले, "बघा, निदान पक्कं होतं तुमचं." मीही मान डोलावली.

नोटिशीच्या तिसऱ्या दिवशी बाई आल्या. घाटंजीची एसटी बसस्टँडवर उतरून तिथून चालत. तिशीच्या असतील. हातात कापडी पिशवी, पिशवीत नोटीस, आणि माझ्या अहवालाची झेरॉक्स. ती त्यांना कोणी दिली हे मी आजही विचारलेलं नाही.

"सर, ही चुकीची कळ कोणती?"

मी म्हणालो, "म्हणजे?"

"तुम्ही लिवलं ना, चुकीची कळ दाबते म्हून. मले दाखवा कोणती. म्हंजे मी पुन्हा नाही दाबणार."

मी कीबोर्डाकडे बघितलं. त्यावर शंभरेक कळा होत्या आणि त्यातली एकही पुढे यायला तयार नव्हती.

"तसं एक कळ असं नाही सांगता येत, बाई. पण बाकी सगळं तपासलंय. कंपनीच्या यादीतही असा दोष नाही."

हे शेवटचं वाक्य खोटं होतं. आता यादी म्हणजे काय ते सांगतो. चौकीदार बनवणाऱ्या कंपनीला जगभरातून तक्रारी यायच्या, आणि कुठेतरी कोणाकडे तरी आधी घडलेला प्रत्येक दोष ती एका यादीत नोंदवायची, नंबर टाकून. लक्षण काय, कुठल्या आवृत्तीत, उपाय काय. ही यादी दर तीन महिन्यांनी चकचकीत सीडीवर कुरिअरने यायची. यंत्र पडलं की सर्वांत आधी त्या यादीत शोधायचं, हा माझ्या नोकरीतला पहिला धडा. मी तो पाळला नव्हता, कारण सीडी माझ्याजवळ नव्हती. आमच्या परसातल्या पेरूच्या झाडावर पोपट यायचे. चकाकी बघून ते येत नाहीत असं कोणीतरी सांगितलं, म्हणून मी ती झाडाला टांगली होती.

बाई म्हणाल्या, "दाखवा ना मंग यादी."

"उद्या दाखवतो."

"उद्याच येते."

संध्याकाळी मी शिडी लावून झाडावर चढलो. बायको खालून बघत होती. तिला सगळं सांगितल्यावर म्हणाली, "पोपटांनाच विचारा. दोन महिने वाचून राह्यले ते."

दुसऱ्या दिवशी साडेदहाला बाई हजर. सीडी मी साबणाने धुतली होती, तरी तिच्यावर पक्ष्यांचे अभिप्राय होतेच. ती वाचली गेली हे माझं नशीब. मी मोठ्या ऐटीत शोधायला बसलो. चौकटीत शब्द भरले: चौकीदाराचं नाव, आवृत्ती, पासवर्ड, ऑपरेटर, चुकीची कळ, सकाळ, यंत्रणा बंद. हे सगळे इंग्रजीत, आणि शब्दांची संख्या बघून माझाच ऊर भरून आला. उत्तर आलं: काही सापडलं नाही.

"बघा," मी म्हणालो.

बाईंनी खुर्ची पुढे ओढली आणि पडद्यावरचा एकेक शब्द बोट ठेवून वाचला. "सर, चुकीची कळ हे कोणं म्हटलं?"

"मी."

"सकाळ?"

"मीच."

"हे तं सारं तुमचंच मत हाय. तुमचं मत यादीत कसं सापडन? मशीन काही म्हणाली का नाही पडताना?"

म्हणाली होती. पडताना यंत्र एक संकेतांक सांगतं, आणि कुठल्या भागात पडलं त्या भागाचं नाव सांगतं. शिवाय कागदाचा एक भलामोठा गठ्ठा छापून बाहेर टाकतं. तो गठ्ठा टेबलावर होता, आणि त्यावर माझा जेवणाचा डबा होता. बुधवारपासून.

डबा हलवला. पहिल्याच पानावर संकेतांक होता, आणि भागाचं नाव. मी तिन्ही दिवसांचे गठ्ठे काढले. तिन्हींवर अक्षर न् अक्षर तेच.

"चुकीची कळ दाबली असती," बाई म्हणाल्या, "तं तिन्ही दिवस तीच कशी दाबली असती मी? माणूस चुकते तं येगयेगळा चुकते."

मी वीसेक वर्षं ह्या धंद्यात काढली. निदानावरचं याहून शहाणं वाक्य मी कुठल्या पुस्तकात वाचलेलं नाही.

माझे सगळे शब्द पुसले. फक्त तो संकेतांक आणि त्या भागाचं नाव टाकलं. पडद्यावर ओळीच ओळी आल्या. आधी काहीच नव्हतं, आता डोंगर. मी म्हणालो, "एवढे कोण वाचणार?"

"मी बसली ना," त्या म्हणाल्या आणि पिशवीतून पेन काढलं.

आम्ही दोघं वाचत बसलो. मी नोंद उघडायची, लक्षणं मराठीत सांगायची. त्यांनी माझ्या गठ्ठ्याच्या पाठकोऱ्या कागदावर नंबर लिहायचा आणि जुळत नसेल तर काट मारायची. इंग्रजी त्यांचं तुटक होतं, पण डोळा कापसाची प्रत ठरवणाऱ्या ग्रेडरचा होता. त्यांचे वडील केंद्रावर ग्रेडरच्या हाताखाली होते, त्यांनी लहानपणी हातात कापूस देऊन फरक ओळखायला लावलेलं. दोन नोंदी मला सारख्या वाटायच्या आणि त्या म्हणायच्या, "हिच्यात पासवर्ड नवा नाही, जुनाच हाय. काटा."

दुपारी तीनच्या सुमाराला मला सापडली. पासवर्डची मुदत संपलेली, नवा देताना चौकीदार कोसळतो, तोच संकेतांक, तोच भाग. मी खुर्चीवरून उठलो आणि टाळी मागितली. बाईंनी टाळी दिली नाही.

"आवृत्ती कोणती लिवली हाय?"

आवृत्ती आमच्या पुढची होती. आमच्याकडे जुनी.

"जवळपास तीच हो," मी म्हणालो. "साहेबांना काय कळतंय आवृत्ती. लावून देऊ."

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मला पुन्हा झाडावर चढावंसं वाटलं. "जवळपास लावूनच माह्यावर नोटीस आली ना, सर?"

चारची एसटी त्यांनी सोडली, साडेपाचची पकडली. जाताना कागद घेऊन गेल्या. म्हणाल्या, "हा तुमच्यापाशी ठेवत नाही. डबा ठेवसान त्याच्यावर."

पुढचा दिवस असाच गेला. मध्ये एकदा साहेब डोकावले. "हे काय चाललंय? नोटीस लागलेल्या माणसाला यंत्राच्या खोलीत?"

मी म्हणालो, "खुलासा तयार करतोय, साहेब."

"कोणाचा?"

"माझाच निघतोय असं दिसतंय."

साहेब हसले. त्यांना तो विनोद वाटला.

तिसऱ्या दिवशी काट मारायला चार-पाच नोंदी उरल्या, तेव्हा बाईंनी आधीची ती जवळपासची नोंद पुन्हा उघडायला लावली. "खाली बारीक काही लिवलं होतं. तुम्ही उठले टाळी द्याले, मंग वाचलंच नाही."

खाली बारीक अक्षरात होतं: जुन्या आवृत्तीतल्या याच दोषासाठी अमुक नंबर पाहा. तो नंबर उघडला. आमची आवृत्ती, आमचा संकेतांक, आमचा भाग. आणि कारणही दिलेलं. पासवर्डची मुदत संपलेला माणूस जर आपल्या गटात एकटाच असेल, तर चौकीदार नवा पासवर्ड लिहिल्यावर गटातलं पुढचं नाव बघायला जातो. पुढचं नाव नसतंच. तिथे तो पाय टाकतो आणि पडतो. पासवर्ड लिहून पक्का व्हायच्या आधीच पडतो, म्हणून दुसऱ्या दिवशी तो माणूस पुन्हा तेच करतो आणि चौकीदार पुन्हा पडतो.

मी हे मराठीत सांगितलं, आणि त्याच आठवड्यात दिग्रसला पासवर्ड बदलूनही काही झालं नव्हतं हेही. बाईंनी कागदावर तो नंबर लिहिला. मग म्हणाल्या, "दिग्रसले दोघं हायेत."

"हो."

"आमच्याकडे दुसरी पोस्ट तीन साल रिकामी हाय. मी अर्ज देऊन देऊन थकली."

बाराही केंद्रांचे गट काढून बघितले. एकटं नाव एकाच केंद्रात होतं.

तरी मी सांगितलं, यादीत सापडलं म्हणजे सिद्ध झालं असं नाही, घडवून दाखवावं लागेल. हे मी त्या तीन दिवसांत शिकलो होतो, आणि शिकवलं कोणी ते समोरच बसलं होतं.

आठव्या दिवशी, खुलाशाच्या तारखेला, आम्ही साहेबांपुढे उभे राहिलो. मी सगळं सांगितलं. साहेबांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हणजे यंत्र पुन्हा पाडायची परवानगी मागताय? ती पण भर हंगामात?"

"जेवणाच्या सुट्टीत, साहेब. बाराही केंद्रांना फोन करून थांबवतो. फक्त एक एकटा माणूस पाहिजे. घाटंजीचं नाव वापरलं तर पुन्हा बाईंवरच येईल."

"एकटा कुठून आणायचा?"

बाई हळूच म्हणाल्या, "साहेब, तुमच्या गटात कोण कोण हाय?"

साहेबांचा गट 'अधिकारी' असा वेगळा होता, आणि त्यात फक्त साहेब होते. हे मी गटांची यादी काढताना बघितलं होतं, पण बोलायची माझी छाती झाली नव्हती.

दीड वाजता काटे थांबले. साहेबांच्याच परवानगीने मी त्यांच्या पासवर्डची मुदत संपवून ठेवली. साहेब खुर्चीत बसले, शर्टाच्या बाह्या वर केल्या आणि म्हणाले, "मी कुठलीही चुकीची कळ दाबणार नाही. सगळे बघा." एका बोटाने, अक्षर मोठ्याने उच्चारत त्यांनी नवा पासवर्ड भरला. म्हणजे तो सगळ्यांना कळला. मग एंटर दाबलं.

चौकीदार पडला. यंत्राच्या कपाटांवरचे दिवे विझले, छपाईयंत्र खडखडायला लागलं आणि गठ्ठा बाहेर येऊ लागला. पहिल्या पानावर तोच संकेतांक, तोच भाग, आणि शेवटच्या नावाच्या जागी साहेबांचं नाव.

साहेब बराच वेळ दोन्ही हात कीबोर्डापासून लांब धरून बसले होते, कोणी पिस्तूल रोखल्यासारखे. मग म्हणाले, "मी कायम आहे ना रे बाबा?"

बाई हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "नोटीस मागं घेतल्याचं पत्र आजच पायजे, साहेब. जावक नंबर टाकून."

पत्र टाइप झालं. मी माझा जुना अहवाल फाइलीतून काढला आणि फाडायला घेतला, तर बाईंनी हात धरला. "फाडू नका. फाडला तं उद्या कोणी म्हणन, पोरीनंच काहीतरी केलं म्हून फाडला. नवा लिवा आन् त्याच्या वरतं लावा."

मी नवा लिहिला. 'सदर दोष उत्पादकाच्या ज्ञात दोषांच्या यादीत नमूद आहे. ऑपरेटरची कोणतीही चूक नाही. पूर्वीचा अहवाल यादी न तपासता सादर करण्यात आला होता.' बाईंनी वाचला आणि म्हणाल्या, "कोणं सादर केला?" मी 'माझ्याकडून' हा शब्द भरला. या वेळी सही तितकी सुरेख आली नाही.

दोषावरची दुरुस्ती टेपवर कुरिअरने यायला दोन आठवडे लागणार होते. तोवरचा उपाय नोंदीतच दिला होता, गटात दुसरं कोणतंही नाव घाला. पोस्ट भरायला संस्थेला तीन वर्षं पुरली नव्हती, मी दोन मिनिटांत भरली. घाटंजीच्या गटात बाईंच्या खाली माझं नाव टाकलं. यंत्राच्या लेखी मी घाटंजीचा दुसरा ऑपरेटर झालो, बाईंच्या हाताखाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी घाटंजीचं टर्मिनल चालू केलं आणि दहाला फोन लावून धरला. पलीकडे काट्याजवळचा गलका ऐकू येत होता, बैलांच्या घुंगरांसकट. कोणीतरी ओरडत होतं, "चालू झाली का नाही वो बाई?"

"थांबा ना भाऊ, पासवर्ड टाकून राह्यली." मग मला, "सर, टाकला. दाबू का?"

"दाबा."

मी कपाटावरच्या दिव्यांकडे बघत राहिलो. एक हिरवा दिवा दोनदा लुकलुकला आणि स्थिर झाला.

"आलात का आत?" मी विचारलं.

"आली. तुमची मशीन उभी हाय?"

"उभी आहे."

"मंग ठेवते, सर. गाड्या लागल्या." आणि मी काही बोलायच्या आत फोन ठेवला गेला.